शेवट न सांगता

ओरेस्टने पुस्तक हातात घेतलं, तळव्यावर जरा तोललं आणि पुन्हा तिच्यापुढे धरलं.

"हे नको, थोरा. फार जाड आहे."

वाचनालयाच्या तळघरातली गुरुवारची बैठक नुकतीच संपली होती. दाराजवळच्या बाकांवर बसून मंडळी बूट चढवत होती, मफलर शोधत होती, आणि ज्या पुस्तकावर आतापर्यंत हिरीरीनं वाद घातला ते विसरून उद्याच्या थंडीबद्दल बोलत होती. थोराला वाटलं, हा थट्टा करतोय. जाडीला भिणारा माणूस ओरेस्ट नव्हे. शाळेत भूगोल शिकवायचा तेव्हासुद्धा कोटाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात न मावणारी कादंबरी घेऊन हिंडायचा, असं तोच सांगायचा.

"तू कधीपासून पानं मोजायला लागलास?"

"डॉक्टरनं मोजून दिली तेव्हापासून." तो वाकून बुटाची चेन ओढत होता, त्यामुळे त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणाले. नदीवरचा बर्फ फुटताना दिसेल. झाडांना पालवी येताना दिसेल का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही." चेन वर आली. तो सरळ झाला आणि तिचा चेहरा पाहून त्यालाच वाईट वाटल्यासारखं झालं. "तू एक काम कर. मला एक पुस्तक सांग. एकच. त्याच्यानंतर दुसरं वाचायचं नाही असं."

"ओरेस्ट."

"तू सांगितलेलं आजवर फुकट गेलेलं नाही. दोनदा गेलं, पण ते मी तुला बोललो नव्हतो. फार विचार करू नकोस, एवढंच. विचार करायला लागलीस की तू भलतं काहीतरी उच्च निवडतेस."

बसमध्ये खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची साय धरली होती. थोरा हातमोजा काढून बोटानं ती खरवडत बसली आणि बाहेर रस्ता दिसायला लागला तरी खरवडतच राहिली. आपल्याला रडू यायला हवं, असं तिला वाटत होतं, आणि येत नव्हतं. ज्या क्षणी तो 'एकच' म्हणाला त्या क्षणी आपल्याला पहिल्यांदा काय वाटलं ते तिला स्वच्छ आठवत होतं, आणि ते दुःख नव्हतं. ते एक ऊबदार, लाजिरवाणं काहीतरी होतं. वर्गात नाव पुकारल्यावर पोटात होतं तसं. त्यानं मला विचारलं. बायकोला नाही, पाद्र्याला नाही, त्या सगळ्या बाकांवरच्या माणसांपैकी कुणाला नाही. हे वाटून झाल्यावर मग बाकीचं आलं. नखाखाली बर्फाचा चुरा साठून बोट बधिर झालं होतं. पुढच्या सीटवर एक बाई मांडीवर किराणा घेऊन डुलक्या काढत होती आणि तिच्या पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती, हिरवीगार, या ऋतूत न शोभणारी. थोरा त्या हिरव्या रंगाकडे बघत राहिली. पुस्तक देणं हे आपण जन्मभर केलं. नोकरी म्हणून आपण शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवली, संसार म्हणून काही वर्षं ग्लेनबरोबर काढली, एक मुलगी वाढवून कॅल्गरीला लावून दिली. पण विचारलंच कुणी की बाई, तू खरं काय केलंस, तर आपण म्हणू, मी लोकांना पुस्तकं सांगितली.

हे तिच्यात आलं इंगा मावशीकडून. गिम्लीला, सरोवराच्या काठी, मावशी मासे साफ करता करता कादंबऱ्या सांगायची. सुरी चालू, खवले उडताहेत, आणि गोष्टीतली पोर अंधाऱ्या जिन्यानं वर चालली आहे. वरच्या दाराशी ती पोहोचली की मावशी सुरी खाली ठेवायची, हात धुवायची आणि म्हणायची, "पुढचं फळीवर आहे. डावीकडून तिसरं." थोरा रडकुंडीला येऊन शेवट विचारायची. मावशी कधी म्हणजे कधी सांगत नसे. "शेवट सांगून पुस्तक देणं म्हणजे आपण खाऊन उरलेलं ताटातलं देणं. पाहुण्याला असं वाढतात का?" त्या फळीवरच्या पुस्तकांना माशाचा वास यायचा. पुढे कितीतरी वर्षं चांगलं पुस्तक उघडलं की थोराला आधी तो वास यायचा, मग अक्षरं दिसायची. शेवट न सांगणं हा तिचा एकमेव धर्म झाला. ग्लेनला तिनं लग्नाआधी एक कादंबरी दिली होती, आणि तो वाचत असताना समोर बसून ती त्याचा चेहरा वाचत होती. आता तो तळ्याजवळच्या प्रसंगाशी आला असेल. आता त्याला कळलं असेल. ग्लेनने पुस्तक मिटलं आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "तू मला वाचायला देतेस, की माझी परीक्षा घेतेस?" ती हसली होती. ते हसण्यासारखं नव्हतं, हे कळायला लग्न करावं लागलं.

ओरेस्टची परीक्षा कधी घ्यावी लागली नाही. तो बैठकीत पहिल्यांदा आला त्या दिवशी तिच्या जीव की प्राण असलेल्या पुस्तकाबद्दल म्हणाला, "हे खोटं आहे. सुंदर आहे, पण खोटं आहे. बापाला एवढं माफ कुणी करत नाही." ती चवताळली. नंतर फुटपाथवर, ओठ गारठून शब्द बोबडे येईपर्यंत, दोघं भांडले. पुढच्या गुरुवारी त्यानं तिला एक पुस्तक आणून दिलं आणि काही न बोलता निघून गेला. त्या पुस्तकातल्या बापाला मुलगा माफ करत नाही, आणि तरी रोज संध्याकाळी त्याच्या पायांना तेल लावतो. ती दोन दिवस ऑफिसात कुणाशी धड बोलू शकली नव्हती. तेव्हापासूनची ही देवघेव. कुठल्या वाक्यापाशी त्याचे डोळे मिटतील हे ती सांगू शकली असती. तो राहतो कुठे, ते मात्र नक्की ठाऊक नव्हतं. नदीपलीकडे, नॉर्थ एंड भागात, एवढंच. स्टेफा नावाची बायको आहे. ती वाचत नाही.

त्या आठवड्यात घरच्या फळ्यांसमोर उभं राहिलं की पुस्तकं तिच्याकडे पाठ करून उभी आहेत असं वाटायला लागलं. एकेक काढावं, कुठेही उघडावं, चार ओळी वाचाव्यात, ठेवून द्यावं. यात माणूस मरतो; मरणाऱ्याला मरणाचं काय वाचायला द्यायचं? यात कुणीच मरत नाही. मग हे त्याला दूर कुठेतरी चाललेल्या लग्नाच्या वाजंत्रीसारखं ऐकू येईल. ही पाच बहिणींची कादंबरी, जी तिनं अर्ध्या शहराच्या हातात कोंबली होती, तिच्यात लेखिका वाचकाकडे बघून सारखी किंचित हसते आहे, हे तिला आजवर दिसलं नव्हतं. शेवाळावरचं ते छोटं पुस्तक चांगलं होतं, पण ज्याला पुढचा उन्हाळा नाही त्याला शेवाळ दाखवणं तिच्यानं झालं नसतं. काय वाचून काढली आपण ही सगळी? कुणासाठी? नियंत्रण कक्षात एका ड्रायव्हरनं तिला दोनदा हाक मारली तरी तिनं ओ दिली नाही. बैठकीचं सगळं बघणाऱ्या अब्राम पेनरला तिनं फोन केला. कुणासाठी हवंय ते सांगितलं नाही, पण त्याला ठाऊक असावं.

"अशा माणसाला विनोदी द्यावं," अब्राम म्हणाला.

"कोणतं?"

"मला विनोदी पुस्तक एकही आवडलेलं नाही, थोरा."

"मग का सांगतोस?"

"माझी बायको गेली तेव्हा मी तिला प्रवासवर्णन वाचून दाखवत होतो. तिला ते आवडत होतं की नाही, ते मी विचारलं नाही. म्हणून सांगतोय."

अखेर निवड न होताच ती निघाली. पिशवीत तीन पुस्तकं टाकली. पत्ता अब्रामकडून घेतला. घर लहान होतं, हिरव्या चौकटींचं, आणि पायऱ्यांवरचा बर्फ अगदी कडेपर्यंत साफ केलेला. दार उघडलं ती बाई थोरापेक्षा उंच होती. पांढरे केस घट्ट मागे बांधलेले, ॲप्रनला हात पुसत असलेली. तिनं थोराकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

"पुस्तकवाल्या ना तुम्ही?" ती म्हणाली. "या. तो झोपलाय. बूट इथे काढा."

स्वयंपाकघरात बीटच्या सुपाचा गोडसर, मातकट वास होता. टेबलावर औषधांच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या. उघड्या दारातून पुढची खोली दिसत होती: खिडकीशी लावलेली पलंगवजा खाट, पांघरुणाखाली ओरेस्ट. तो इतका कमी झाला होता की थोरानं नजर पटकन बाटल्यांकडे वळवली. स्टेफानं न विचारता तिच्यासमोर चहा ठेवला.

"त्याला वाचता येत नाही आता," स्टेफा म्हणाली. "दुखण्यावरचं औषध सुरू केल्यापासून अक्षरं पळतात म्हणतो. पुस्तक धरून बसतो. पान उलटत नाही."

"मला बोलला नाही तो."

"तुम्हाला कसं बोलेल? लाज वाटते."

"मग पुस्तक मागितलं कशाला?"

"सवय." स्टेफानं खांदे उडवले. मग खुर्ची ओढून समोर बसली. "तुमचा राग नाही मला. तुम्हाला वाटत असेल की आहे. मी जन्मभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले. लोकांच्या आतलं बघून दमून घरी यायची. हा दिव्याखाली बसलेला असायचा. थोरा म्हणते हे वाच, थोरा म्हणते ते वाच. मी म्हणायची, थोराला विचार, कचरा कुणी बाहेर ठेवायचा." ती हसली नाही, पण तिच्या डोळ्यांपाशी काहीतरी सैल झालं. "मला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही, हे वाच म्हणून. लग्न झालं त्या वर्षी एक दिलं होतं. मी म्हणाले, आज दमले, उद्या. त्यानं तो उद्या पुन्हा काढला नाही. मीही नाही काढला. अशी माणसं असतात. बोलायची ती वेळ जाते, आणि मग वर्षंच जातात."

सगळं घर पुस्तकांनी भरलेलं, आणि त्यात राहणाऱ्या एका माणसाला कुणी विचारलं नाही. थोराला एकदम स्वतःचा चेहरा दिसला, ग्लेनच्या समोर बसलेला. आपण तरी कुणाला देत होतो? ज्यांना आधीच वाचता येत होतं त्यांना. ती नकळत म्हणाली, "तुम्ही त्याला वाचून दाखवाल?"

"मी? माझं वाचणं म्हणजे औषधाच्या खोक्यावरची सूचना."

"चालेल त्याला."

"त्याला चालेल हो. मला चाललं पाहिजे ना." तिनं पिशवीकडे हनुवटी केली. "काय आणलंय?"

थोरानं तिन्ही टेबलावर मांडली. एक कवितांचं. ते स्टेफानं उघडलं आणि ओळी अर्ध्यातच संपताहेत हे पाहून मिटलं. दुसरं ध्रुवाकडच्या मोहिमेचं. "बर्फ? बाहेर काय कमी आहे?" तिसरी एक मध्यम आकाराची, फिकट मुखपृष्ठाची कादंबरी होती, गवताळ माळावरच्या एका लहान रेल्वे थांब्यावर खाणावळ चालवणाऱ्या नवराबायकोची. गाड्या हळूहळू थांबेनाशा होतात आणि ती दोघं तिथंच राहतात.

"यात लोक काय खातात?" स्टेफानं विचारलं.

असा प्रश्न थोराला आजवर कुणी विचारला नव्हता. कथानक काय, भाषा कशी, रडायला येतं का, हे विचारत. ती आठवायला लागली आणि आठवता आठवता तिला त्या खाणावळीचा वास आला. "खातात बरंच," ती म्हणाली. "सातूचं सूप. करपलेला पाव असतो एकदा, त्यावरून ती दोघं आठवडाभर बोलत नाहीत. लोणच्याचा पिंप असतो, तो हिवाळ्यात फुटतो. गाडी येत नाही त्या दिवशी सगळ्यांसाठी केलेलं दोघंच बसून खातात."

"कुठल्या पिठाचा पाव?"

"राय. काळा पाव."

"मग हे ठेवा," स्टेफा म्हणाली.

घराकडे येणाऱ्या बसमध्ये चढेपर्यंत थोरा हलकी झालेली होती. पूल ओलांडताना, खाली गोठलेल्या नदीवर कुणीतरी कुत्र्याला फिरवत असलेलं दिसलं, आणि त्या काळ्या ठिपक्याकडे बघताना तिला त्या कादंबरीचा शेवट आठवला. तो ती विसरलेली नव्हती. तो तिथंच होता. फक्त सातूच्या सुपाच्या मागे. नवरा शेवटी घोडागाडी घेऊन गावाकडे जातो, वादळ सुटतं, आणि तो येत नाही. बायको कितीतरी दिवस दोन ताटं मांडते. मग एका दुपारी एक ताट फळीवर ठेवून देते, एकटी जेवायला बसते, आणि जेवण तिला चांगलं लागतं. पुस्तक त्याच वाक्यावर संपतं. हे आपण त्या बाईच्या हातात दिलं. तिच्या तोंडून, त्याच्या उशाशी बसून, हे वाचलं जाणार. घरी येऊन कोट न काढताच तिनं फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. काय सांगणार होती? की ते परत द्या, त्यात तुमचा नवरा मरतो? दुसऱ्या दिवशी दुपारी धीर करून फोन लावला.

"आम्ही वाचतोय," स्टेफा म्हणाली. "नंतर करा."

"मी म्हणत होते, दुसरं एखादं—"

"तो स्टेशनमास्तर मूर्ख आहे. ओरेस्ट म्हणतो नाही. नंतर करा."

नंतर फोन करण्यात अर्थ नव्हता. थोरा दर रविवारी तिकडे जायला लागली. खाटेजवळच्या खुर्चीवर स्टेफा बसायची, बोट ओळीखाली धरून वाचायची. तिचं वाचणं खरंच खोक्यावरच्या सूचनेसारखं होतं. सगळे शब्द एकाच वजनाचे, स्वल्पविरामाशी थांबणं नाही, पूर्णविरामाशी मात्र जिना उतरल्यासारखं थबकणं. पहिल्या रविवारी थोराला ते सोसवेना. आपण हे किती निराळं वाचलं असतं, कुठे आवाज खाली आणला असता. मग हळूहळू त्या एकसुरी आवाजातून तिला माहीत नसलेलं काहीतरी बाहेर यायला लागलं. माळावरच्या वाऱ्याची वर्णनं स्टेफा घाईनं उरकायची, आणि पाव मळण्याचा परिच्छेद आला की थांबून म्हणायची, "एवढं पाणी घातलं तर पाव बसेल. या लेखकानं कधी केलेला नाही." ओरेस्ट उशीवरून म्हणायचा, "तिच्या मनात दुसरं चाललंय म्हणून जास्त पडलं पाणी." "मग तसं लिहावं." "तसंच लिहिलंय, स्टेफा. पाणी जास्त घालून." ती क्षणभर त्याच्याकडे बघायची, मग पुन्हा मागच्या ओळीवर बोट नेऊन तो परिच्छेद पहिल्यापासून वाचायची. थोरा हे ऐकत खिडकीशी बसलेली असायची. तिला वाटायचं, हे पुस्तक आपलं होतं, आपण दिलं, आणि आता त्यात आपल्याला बसायला जागा नाही. त्यात दुखत होतं थोडंसं. ज्या सुरात ती दोघं त्या काल्पनिक पावावरून वाद घालत होती त्या सुरात आपण त्याच्याशी इतकी वर्षं बोललो. पण त्यानं आपल्याशी बोलताना कधी डोळे असे उघडे ठेवले नव्हते. तो मिटून ऐकायचा. इथे तो बघत होता.

मार्च सरत आला होता. एका रविवारी स्टेफा लोणच्याची बरणी आणायला तळघरात उतरली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत ओरेस्ट थांबला.

"थोरा. शेवट सांग."

तिला ऐकू आलं, तरी ती म्हणाली, "काय?"

"मी पोचणार नाही तिथवर. तुला दिसतंय ते. सांग."

"मी कुणाला सांगत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. मी कधी विचारलंही नाही." तो दमला. पांघरुणावरची त्याची बोटं पान उलटल्यासारखी जराशी हलली. "आता विचारतोय."

तळघरात बरण्या सरकवल्याचा आवाज येत होता. थोरा उठून खाटेपाशी गेली. वाकली. त्याच्या केसांना कापराचा आणि तापाचा वास होता. तिनं त्याच्या कानाशी, कुणाचं गुपित फोडावं तसं, सगळं सांगितलं: घोडागाडी, वादळ, दोन ताटं, फळीवर ठेवून दिलेलं एक ताट, आणि शेवटचं वाक्य. काही गाळावं, असं मधे एकदा मनात आलं होतं. ते तिच्यानं झालं नाही.

ओरेस्ट छताकडे बघत राहिला.

"जेवण चांगलं लागतं तिला?"

"हो. तसंच लिहिलंय."

"म्हणजे जेवली." त्यानं ते पुन्हा एकदा, नुसतं ओठांनी, म्हणून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला थोराला नाव देता येईना. आनंद नव्हता. पण मघाशी तिथं असलेलं काहीतरी निघून गेलेलं होतं. "चांगलं निवडलंस."

"मी नाही निवडलं. तिनं निवडलं."

"मग बरोबर आहे." जिन्यावर पावलं वाजायला लागली. त्यानं घाईनं म्हटलं, "पण हे तिनं एकटीनं वाचायला नको. त्या वेळी तू ये. येशील?"

थोरानं मान डोलावली. स्टेफा बरणी घेऊन दारात उभी होती. "कसली कुजबुज? शेवट सांगत नाही ना ही? मी अजून तिथं आलेली नाही."

"हवामानाचं बोलतोय," ओरेस्ट म्हणाला.

त्यानंतरच्या रविवारी थोराच्या लक्षात आलं की पुस्तकात घातलेली सुतळीची खूण जवळजवळ तिथंच आहे. तिला वाटलं, तो जास्त झोपत असणार. पुढच्या रविवारीही खूण दोनचार पानांपलीकडे सरकलेली नव्हती. घरी येणारी नर्स आता रोज यायला लागली होती. नदीवरचा बर्फ मोठा आवाज करून फुटला त्या आठवड्यात, एका पहाटे, ओरेस्ट गेला. चर्चमध्ये धूप फार होता. अब्रामनं थोराला कोपराला धरून ठेवलं. सगळे जेवायला खाली गेले तेव्हा स्टेफा तिच्याजवळ आली, तिचा हात हातात घेतला आणि पुस्तकाबद्दल एक शब्दही बोलली नाही. थोरानं गुरुवारच्या बैठकीला जाणं सोडलं. कुणी विचारलं, हल्ली काय वाचू, तर ती म्हणायची, मी हल्ली वाचत नाही. ते खरं होतं. आणि दर रविवारी, जायची वेळ झाली की, ती बूट घालून दाराशी उभी राहायची आणि पुन्हा काढायची. बोलावल्याशिवाय जाणं तिला जमेना. आपण त्याला शब्द दिला होता, आणि तो पाळायचा तर आधी त्या बाईचं बोलावणं यायला हवं होतं.

झाडं हिरवी होऊन जुनी झाली तेव्हा फोन आला.

"थोडंसंच राहिलंय," स्टेफा म्हणाली. "तू ये ना."

ती तू म्हणाली, हे थोराला फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

खिडकीशी आता खाट नव्हती. तिथं दोन खुर्च्या समोरासमोर ठेवलेल्या होत्या. खिडकी उघडी होती आणि शेजारच्या अंगणातून गवत कापल्याचा वास आत येत होता. स्टेफानं चष्मा लावला, सुतळी बाजूला केली, बोट ओळीखाली ठेवलं. तिचं वाचणं तसंच होतं, फक्त मधले थांबे वाढले होते. नवऱ्यानं घोडा जुंपला. तो गेला. वादळ सुटलं. स्टेफाचं बोट ओळीखालून सरकत होतं आणि थोरा त्या बोटाकडेच बघत होती. नखाशी बीटचा फिका लाल डाग होता. दोन ताटं मांडली गेली. पुन्हा मांडली गेली. मग एक ताट फळीवर गेलं. स्टेफा पूर्णविरामाशी थबकली, पुढची ओळ तिनं आधी मनात वाचून घेतली असावी, आणि मग ती मोठ्यानं वाचली, इतर सगळ्या ओळींसारखीच, त्याच वजनानं. पुढे कोरा कागद होता. तिनं तोही उलटून पाहिला.

बाहेर गवत कापण्याचं यंत्र बंद झालं.

"त्याला माहीत होतं ना हे?" स्टेफानं विचारलं.

"हो," थोरा म्हणाली. "मी सांगितलं. तू बरणी आणायला गेलीस तेव्हा."

स्टेफानं मान हलवली. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि पुस्तकावर हात पालथा ठेवला, कुणाच्या तरी हातावर ठेवावा तसा.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "त्याच्या आधी रोज म्हणायचा, पुढे वाच, पुढे वाच. त्या दिवसानंतर म्हणायला लागला, हळू वाच, स्टेफा. हळू."